रात्री दोनला फोन कोण उचलतं? कोल्हापुरात शेवटच्या आजारपणाची सेवा निवडताना

कॅन्सरच्या डॉक्टरांनी "आता घरी न्या, जपा" असं सांगितलं की पेशंटचा मुलगा किंवा जावई दोन दिवसांत चार-पाच नंबर गोळा करतो. एखाद्या मोठ्या हॉस्पिटलचं पेन क्लिनिक, राजारामपुरीत नाहीतर शाहूपुरीत ऑफिस असलेला नर्सिंग ब्युरो, हायवेलगतचं एखादं 'केअर सेंटर', कुणीतरी दिलेला पुण्याच्या हॉस्पिसचा (शेवटच्या आजारातले पेशंट ठेवून सांभाळणाऱ्या केंद्राचा) नंबर आणि गल्लीतले फॅमिली डॉक्टर. पहिल्या चारही ठिकाणी फोनवर 'पॅलिएटिव्ह केअर', म्हणजे आजार बरा होत नसताना त्रास कमी करणारी सेवा, हाच शब्द ऐकू येतो. अर्थ मात्र प्रत्येकाचा वेगळा. कुणाकडं त्याचा अर्थ मॉर्फिन लिहून देणारा डॉक्टर, कुणाकडं डायपर बदलणारी मावशी, तर कुणाकडं नुसती खाट, पंखा आणि तीन वेळचं जेवण.

या सगळ्या सोयी एकाच प्रश्नावर तोलून बघाव्यात असं आमचं ठाम मत आहे. रात्री दोन वाजता दुखणं उसळलं किंवा धाप लागली, तर पुढच्या अर्ध्या तासात पेशंटला आराम पडेल असं औषध कोण देणार, कुठून आणणार आणि कुणाच्या सांगण्यावरून देणार? खोलीला एसी आहे का, फरशी चकचकीत आहे का, देवघर आहे का, हे सगळं त्यानंतर.

आधी मॉर्फिनचं विचारा

कॅन्सरचं जोरदार दुखणं थांबवायला तोंडानं घ्यायच्या मॉर्फिनच्या साध्या गोळीइतकं भरवशाचं आणि स्वस्त औषध दुसरं नाही. पण ते प्रत्येक मेडिकलमध्ये मिळत नाही. १९८५च्या अमली पदार्थ कायद्यातल्या परवान्यांच्या जंजाळामुळं ते वर्षानुवर्षं दुर्मिळ झालं होतं. २०१४च्या दुरुस्तीनं वाट सोपी केली आणि औषध नियंत्रकांची मान्यता मिळालेल्या वैद्यकीय संस्थेला ते ठेवता येऊ लागलं. म्हणून पहिल्या फोनवर सरळ विचारावं, "तुमच्याकडं मॉर्फिनच्या गोळ्या मिळतात का? संस्था मान्यताप्राप्त आहे का? नसेल तर तुमचे पेशंट गोळ्या कुठून आणतात?"

उत्तरावरून बरंच काही कळतं. "आम्ही ट्रामाडॉल देतो" असं उत्तर आलं, तर वेदनाशामकांच्या मधल्या पायरीवरच थांबणारी सेवा समजा. ट्रामाडॉल दिवसाला ४०० मिलिग्रॅमच्या वर देत नाहीत, आणि हाडांत पसरलेल्या कॅन्सरला ते बहुतेक वेळा पुरत नाही. "दुखलं की डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन मारतो" हे उत्तर त्याहून वाईट, कारण थकलेल्या, पाणी कमी पिणाऱ्या पेशंटच्या किडनीवर आणि जठरावर ते रोज मारून चालत नाही. "मॉर्फिन कशाला, सवय लागते" असं कुणी म्हणालं तर फोन ठेवून दुसरा नंबर लावावा. कॅन्सरच्या वेदनेसाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतलेल्या मॉर्फिनला व्यसन म्हणणारा माणूस या कामात नवखा आहे.

"आम्ही पॅच लावतो" हे उत्तर चुकीचं नाही, पण अपुरं आहे. कातडीवर चिकटवायचा, फेंटानिल या वेदनाशामकाचा पॅच ७२ तास चालतो, गिळता न येणाऱ्याला तो उपयोगी पडतो. मात्र त्याचा असर सुरू व्हायला बारा तास किंवा जास्तही लागतात. आज रात्रीचं दुखणं त्यानं थांबत नाही, त्यासाठी लगेच लागू पडणारं दुसरं औषध सोबत हवंच. ताप चढला किंवा वरून गरम पाण्याची पिशवी ठेवली तर पॅचमधून औषध जास्त वेगानं अंगात जातं आणि गुंगी येते. जुना पॅच न काढता नवा लावणं ही चूक घरोघरी होते. पॅचवर तारीख आणि वेळ पेनानं लिहायला सांगणारी नर्स भेटली, तर तिला काम येतं असं समजा.

मॉर्फिनची साधी गोळी चार तास चालते. म्हणून ती 'दुखलं की' द्यायची नसते, घड्याळाप्रमाणे द्यायची असते. सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६ आणि रात्री १०ला दुप्पट, म्हणजे पहाटे दोनला पेशंटला उठवावं लागत नाही. समजा डॉक्टरांनी १० मिलिग्रॅमची गोळी सुरू केली, तर दिवसाचा हिशेब ६० मिलिग्रॅम. मधेच दुखणं उसळलं तर द्यायचा जादा डोस साधारण दिवसाच्या एकूण मात्रेच्या सहाव्या हिश्श्याचा, म्हणजे इथं १० मिलिग्रॅम. असे जादा डोस दिवसातून तीनदा-चारदा लागू लागले, तर मूळ मात्रा वाढवायची वेळ आली. ती वाढवणं डॉक्टरांचं काम, पण घरच्यांनी जादा डोसांची नोंद ठेवायची आणि टीमनं ती दर एक-दोन दिवसांनी फोनवर विचारायची. हा फोन येतो का, हे पहिल्या आठवड्यातच तपासा.

पहिल्या गोळीबरोबर शौच साफ होण्याचं औषध लिहून दिलं नसेल, तर चौथ्या-पाचव्या दिवशी पोट गच्च होतं, पेशंट जेवण सोडतो आणि घरचे मॉर्फिन बंद करतात. दुखणं परत येतं, दोष गोळीला जातो. मळमळ पहिले तीन-चार दिवस असते, झोपाळूपणा दोन-तीन दिवसांत कमी होतो. गुंगी कमी व्हायच्या ऐवजी वाढत गेली, श्वास मिनिटाला आठ-दहाच्या खाली आला किंवा अंगाला बारीक झटके येऊ लागले, तर लगेच कळवायचं. किडनी अधू असलेल्या पेशंटमध्ये औषध साचतं, तिथं मात्रा कमी आणि अंतर जास्त ठेवतात. हे सगळं न विचारता पहिल्या भेटीत समजावणारी टीम आणि चिठ्ठी फाडून हातात देणारी टीम, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

हॉस्पिटलचा पॅलिएटिव्ह विभाग

औषधांच्या बाबतीत हा पर्याय सगळ्यांत भक्कम. पोटात साठलेलं पाणी सुई घालून काढणं, दुखणारी नस बधिर करणारं इंजेक्शन (ब्लॉक) देणं, हाडाच्या दुखण्यावर रेडिएशनचा एकच ८ ग्रेचा डोस देणं, ही कामं हॉस्पिटलशिवाय होत नाहीत. कोल्हापुरात खासगी कॅन्सर हॉस्पिटलं आहेत आणि राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेलं छत्रपती प्रमिलाराजे (सीपीआर) रुग्णालय आहे. केंद्र सरकारनं २०१२मध्ये पॅलिएटिव्ह केअरचा राष्ट्रीय कार्यक्रम आखला, त्यात जिल्हा पातळीवर ही सेवा देणं अपेक्षित आहे. तेव्हा सरकारी दवाखान्यात ही चौकशी संकोच न करता, हक्कानं करावी. केसपेपर काढताना 'पेन क्लिनिक' किंवा भूलशास्त्र विभाग विचारला की योग्य दारापर्यंत लवकर पोचता येतं.

याची कमजोर बाजू रात्री दिसते. दिवसा पॅलिएटिव्हचे डॉक्टर असतात, रात्री पेशंट थेट कॅज्युअल्टीत येतो. तिथल्या डॉक्टरांना या पेशंटचा इतिहास माहीत नसतो. मग सलाईन, रक्ताच्या तपासण्या, छातीचा एक्स-रे आणि "आयसीयूत घ्यायला लागेल, सही करा" हा क्रम सुरू होतो. त्यात त्या डॉक्टरांची चूक नसते, त्यांच्यासमोर लेखी काहीच नसतं. म्हणून विभागाकडून एका पानाचं पत्र आधीच मागून घ्यावं. आजार कुठल्या टप्प्यावर आहे, चालू औषधं आणि मात्रा काय, रात्री आल्यास कशावर भर द्यायचा, व्हेंटिलेटरबद्दल काय ठरलं आहे आणि कुठल्या डॉक्टरांना फोन करायचा. असं पत्र जो विभाग सहज देतो, तो या यादीत वर.

केअर सेंटर: पाटी आणि प्रत्यक्ष

फसगत सगळ्यात जास्त इथंच होते, म्हणून थोडं सविस्तर. शहराच्या कडेला, मोठ्या बंगल्यात किंवा मंगल कार्यालयासारख्या इमारतीत अशी केंद्रं चालतात. त्यातली काही मनापासून चांगलं काम करतात. पण पाटीवर 'हॉस्पिस' लिहायला कुणी अडवत नाही. वृद्धाश्रम म्हणून चालणाऱ्या जागेत अंथरुणाला खिळलेले पेशंट ठेवले, की तिथं डॉक्टर आणि नर्स कोण, हे कुणाच्याच हिशेबात राहत नाही. उपचारासाठी पेशंट दाखल करून घेणाऱ्या जागेची नोंदणी महाराष्ट्र नर्सिंग होम नोंदणी कायद्याखाली असावी लागते. त्या कायद्याच्या २०२१च्या सुधारित नियमांप्रमाणे दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची आहे. आत शिरल्यावर आधी भिंतीकडं बघा.

सकाळी अकराला, फोन करून गेलात तर सगळं नीटनेटकंच दिसणार. संध्याकाळी सात-साडेसातला जा, ड्युटी बदलण्याच्या वेळेला. ऑफिसात बसू नका, वॉर्डात चला म्हणावं. पाण्याचं भांडं पेशंटचा हात पोचेल असं आहे का? ओठ आणि जीभ कोरडी, पांढऱ्या थराची आहे का? तोंड दर दोन-चार तासांनी ओल्या गॉजनं पुसलं, तर असा थर साचत नाही, आणि बुरशी झालीच तर क्लोट्रिमॅझोलचं तोंडात लावायचं औषध सुरू झालेलं दिसतं. टाचा गादीला टेकलेल्या आहेत की पोटरीखाली उशी घालून उचललेल्या? लघवीची पिशवी जमिनीवर लोळते की खाटेला, मूत्राशयाच्या खालच्या पातळीला टांगलेली आहे? कुणाचे हात खाटेला बांधलेत का? बांधले असतील आणि कारण "नळी ओढतात हो" एवढंच असेल, तर तिथून निघा. भ्रमात असलेल्या पेशंटला बांधायचं नसतं. आधी बद्धकोष्ठता, तुंबलेली लघवी, ताप, औषधाची मात्रा ही कारणं शोधायची आणि मग हॅलोपेरिडॉलसारखं औषध कमी मात्रेत द्यायचं, हा क्रम माहीत असलेली जागा हवी.

कूस बदलल्याचा तक्ता मागा. दर दोन तासांनी डावी, उजवी, पाठ अशी नोंद असते. रात्री ११, १, ३, ५ या चारही नोंदी एकाच पेनानं, एकाच झोकात, एकाच सहीनं भरलेल्या दिसल्या तर त्या सकाळी चहाच्या वेळेला भरल्या आहेत. रात्री किती पेशंटमागं एक नर्स, हे आकड्यात विचारा. अंथरुणावरच्या सहा-सात पेशंटमागं एक प्रशिक्षित नर्स आणि तिच्या हाताखाली एक मदतनीस, याहून कमी मनुष्यबळात दोन तासांनी कूस बदलणं शक्य नाही. नर्स म्हणजे कोण हेही विचारा. जीएनएम किंवा एएनएम हा नर्सिंगचा अभ्यासक्रम झालेली, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी असलेली. सहा महिन्यांचा खासगी कोर्स केलेली मुलगी चांगली मदतनीस असू शकते, पण मॉर्फिनचं इंजेक्शन तिच्या हाती देऊ नये.

जेवणाबद्दल विचारताना मेन्यू विचारू नका. पेशंटला दोन चमचे पांढरा रस्सा मागावासा वाटला तर काय करता, हे विचारा. जिथं "डाएट चार्टमध्ये बसत नाही" असं उत्तर येतं, तिथं शेवटच्या दिवसांची समज नाही. पेशंट पूर्ण जागा असेल, बसवून, हनुवटी थोडी खाली ठेवून, चमच्या-चमच्यानं भरवता येत असेल, तर चव हाही उपचारच आहे. ठसका लागतो म्हणून तिखट टाळावं, पण चव टाळू नये. आणि घरच्या माणसाला रात्री सोबत झोपता येतं का? भेटीच्या वेळा ४ ते ६ असं सांगणाऱ्या ठिकाणी पेशंट एकटा जाण्याची शक्यता मोठी असते.

बिलाचं म्हणाल तर महिन्याचा आकडा ऐकून समाधान मानू नका. डिपॉझिट किती आणि पेशंट आठ दिवसांत गेल्यास परत किती, डायपर-ग्लोव्ह्ज-ड्रेसिंग धरून की वेगळं, डॉक्टरांची भेट धरून की प्रत्येकी, हे एका कागदावर लिहून घ्या. मेडिक्लेम साधारणपणे सक्रिय उपचारासाठी किमान २४ तास दाखल राहिल्यास पैसे देते, नुसत्या शुश्रूषेला बहुधा नाही. कंपनीकडून आधी लेखी विचारून घेतलेलं बरं.

ब्युरोची मावशी

घरात करणारं कुणी नसेल किंवा करणारी सून-मुलगी थकून गेली असेल, तर ब्युरोशिवाय इलाज नाही. बारा तासांची किंवा चोवीस तासांची ड्युटी असते. चोवीस तासांची बाई प्रत्यक्षात रात्री झोपणारच, माणूसच आहे ती. त्यामुळं दर दोन तासांनी कूस बदलायची गरज असलेल्या पेशंटला दोन बारा तासांच्या ड्युट्या लावाव्यात, किंवा रात्रीच्या दोन वेळा घरच्यांनी वाटून घ्याव्यात.

ब्युरो अंघोळ, डायपर, भरवणं, फिरवणं यांसाठी चांगला. दुखण्याचा अंदाज, औषधाची मात्रा, नळ्या यांसाठी नाही. अडचण येते ती इथंच: "आण्णा शांत झोपल्यात" असं मावशी सांगते आणि आण्णा प्रत्यक्षात मॉर्फिन जास्त झाल्यानं किंवा इन्फेक्शननं गुंगीत असतात. उपाय म्हणजे भिंतीवर एक वही टांगणे. वेळ, दिलेलं औषध, ० ते १० मध्ये दुखणं किती, शौच झाली का, लघवी किती, एवढे पाच रकाने. बोलू न शकणाऱ्या पेशंटच्या कपाळाच्या आठ्या आणि कण्हणं लिहायचं. बाई बदलली तरी वही बदलत नाही. ब्युरो महिन्यात तिसऱ्यांदा बाई बदलत असेल तर दुसरा ब्युरो बघा. नव्या माणसाच्या हातानं रोज अंग पुसून घेणं पेशंटला फार लाजिरवाणं होतं, आणि हे कुणी त्यांना विचारत नाही.

नळ्यांबाबत एवढं लक्षात ठेवा. साधा लेटेक्सचा कॅथेटर दोन-तीन आठवड्यांनी बदलतात, सिलिकॉनचा तीन महिन्यांपर्यंत चालू शकतो. राइल्स ट्यूबमधून (नाकातून जठरात घातलेल्या नळीतून) भरवताना डोकं ३० ते ४५ अंश उंच आणि नंतर अर्धा-एक तास तसंच. एका वेळी १५० ते २०० मिलिलिटर, शेवटी थोडं पाणी. आडवं झोपवून भरवलेलं पातळ अन्न फुप्फुसात उतरतं आणि मग न्यूमोनिया होतो.

पुणे, मुंबईची हॉस्पिस

खरी हॉस्पिस म्हणजे काय ते बघायचं तर इथं. मुंबईत वांद्र्याला १९८६मध्ये सुरू झालेलं शांती अवेदना हे देशातलं पहिलं हॉस्पिस मानलं जातं. पुण्यात वारज्याला १९९७पासून सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर केंद्र आहे, तिथं कॅन्सर पेशंटची सेवा मोफत होते आणि घरच्या माणसाला शुश्रूषा शिकवली जाते. डॉक्टर, नर्स, समुपदेशक एकत्र बसून पेशंटबद्दल ठरवतात, ही पद्धत तिथं रुळलेली आहे. गुणवत्तेत आमची पहिली पसंती अशाच जागांना.

अडचण आहे ती पुण्यापर्यंतच्या साधारण सव्वादोनशे किलोमीटरची, म्हणजे अॅम्ब्युलन्सनं चार-पाच तासांची. पेशंट बोलतोय, दुखणं मात्र काही केल्या आटोक्यात येत नाही, अशा वेळी थोडे दिवस दाखल करून मात्रा बसवून घेणं आणि घरी परत आणणं, हा या केंद्रांचा उत्तम उपयोग. हातपाय गार पडायला लागलेत, दोन दिवस घोटभर पाणीही गेलेलं नाही, अशा पेशंटला हलवू नये. वाटेत कराड-साताऱ्याजवळ काही झालं तर अनोळखी हॉस्पिटलात मृत्यू, पुढची कागदपत्रं आणि गावी परतण्याची पायपीट घरच्यांच्या वाट्याला येते. निघायच्या आधी खाट आहे का, कुठले रिपोर्ट लागतात, सोबत किती माणसं राहू शकतात, हे फोनवर पक्कं करा.

घरीच, पण बांधून घेतलेली टीम

कोल्हापुरातल्या बहुतेक घरांना आम्ही हाच पर्याय सुचवू. हॉस्पिटलच्या पॅलिएटिव्ह विभागाकडून मॉर्फिन आणि योजना, फॅमिली डॉक्टरांची आठवड्यातून एक भेट, दर दोन दिवसांनी एक प्रशिक्षित नर्स, आणि हाताखाली ब्युरोची मावशी. हे चार धागे एकत्र बांधणारं एक माणूस घरात हवं. चौघांना चौघांकडून वेगवेगळ्या सूचना आल्या की गोंधळ होतो.

खाट, एअर मॅट्रेस, घशातला कफ ओढून काढणारं सक्शन मशीन, ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर भाड्यानं मिळतात. काही सामाजिक संस्था आणि तालीम-मंडळं रुग्णोपयोगी साहित्य डिपॉझिटवर देतात, आधी तिथं चौकशी करा. एअर मॅट्रेस आली म्हणून कूस बदलणं थांबत नाही. मोटर चालू आहे का, आणि पेशंटच्या कमरेखाली हात घातल्यावर खाटेची फळी लागते का, हे रोज तपासायचं. फळी लागली तर हवा कमी आहे. कमरेच्या हाडावर लाल डाग पडला आणि बोटानं दाबूनही तो पांढरा होत नसेल, तर जखम सुरू झाली.

गिळणं बंद झाल्यावर औषधं द्यायची कशी, हा प्रश्न नर्सला पहिल्याच भेटीत विचारा. अनुभवी नर्स लगेच सांगेल: कातडीखाली, २३ किंवा २४ गेजची बटरफ्लाय सुई छातीवर किंवा दंडाला बसवून. शीर शोधत हात निळे-काळे करण्यापेक्षा हे कितीतरी सोपं, आणि घरच्यांना शिकवता येतं. शेवटच्या दिवसांत घशात घरघर वाजते, तेव्हा कुशीवर वळवणं आणि घशातला स्राव कमी करणारं ग्लायकोपायरोलेट किंवा बस्कोपॅन. खोल सक्शन मारल्यानं पेशंटला त्रास होतो आणि घरघर परत येते. सलाईनबद्दल आपल्याकडं फार आग्रह असतो, "उपाशी कसं ठेवायचं?" पण थकलेलं शरीर ते पाणी वापरू शकत नाही. पायाला सूज येते, छातीत पाणी भरतं, घरघर वाढते. हे पाहुण्यांसमोर शांतपणे समजावणारे डॉक्टर ज्या टीममध्ये आहेत, ती टीम निवडा, कारण नात्यातलं कुणीतरी "एक बाटली लावा तरी" म्हणणारच आहे.

धाप लागली की प्रत्येकाला ऑक्सिजन लागतो असंही नाही. बोटाला लावायच्या मशीनवर प्रमाण कमी असेल तर लागतो. नसेल तर चेहऱ्यावर टेबल पंख्याचा वारा, पाठीला टेकण आणि मॉर्फिनचा छोटा डोस जास्त काम करतात. कॉन्सन्ट्रेटर विजेवर चालतो, म्हणून एक बी-टाइप सिलिंडर राखीव ठेवावा. त्यात साधारण १५०० लिटर गॅस असतो, मिनिटाला २ लिटरनं बारा तास निघतात. रेग्युलेटर आणि पाना सिलिंडरलाच बांधून ठेवा, अंधारात शोधायला लागू नये.

आपल्या भागात तंबाखू आणि माव्यामुळं तोंडाच्या कॅन्सरचे पेशंट खूप. त्यांच्या घरच्यांनी टीम निवडताना एक वेगळा प्रश्न विचारायचा: चिघळलेल्या गाठीचं ड्रेसिंग कोण करणार? वास येतो म्हणून नातवंडं खोलीत येत नाहीत, आणि त्याचं दुःख पेशंटला गाठीपेक्षा मोठं असतं. मेट्रोनिडॅझॉलच्या गोळ्यांची बारीक पूड जखमेवर टाकली की दोन-तीन दिवसांत वास बराच उतरतो. मावा सोडून दे म्हणून आता सुनावू नये, पण ड्रेसिंग मात्र रोज करावं. जखम आधी पाण्यानं भिजवून मगच गॉज काढायचा, कोरडा ओढला तर रक्त सुटतं. जास्त रक्तस्राव होण्याची शक्यता असेल तर गडद रंगाचे टॉवेल हाताशी ठेवायला सांगणारी, आणि त्या वेळी कुठलं इंजेक्शन द्यायचं ते आधी लिहून ठेवणारी नर्स खरी जाणकार. अळ्या पडल्या तरी घाबरू नये, टर्पेंटाइनमध्ये भिजवलेला गॉज कडेनं ठेवून त्या बाहेर काढता येतात. हे काम मात्र नर्सनंच करायचं.

पावसाळ्याचा हिशेब

हा मुद्दा पुण्या-मुंबईच्या याद्यांत सापडणार नाही. २०१९ आणि २०२१ला पुराच्या पाण्यानं शिरोलीजवळ हायवे बंद पडला होता. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. चिखली, आंबेवाडी, शिरोळ तालुक्यातली गावं किंवा गगनबावडा रस्त्यावरची घरं असतील, तर टीमला जूनमध्येच विचारा, "पाणी आलं तर आमच्याकडं कोण आणि कसं येणार?" पातळी ३९ला पोचली की दोन आठवड्यांची मॉर्फिन घरात हवी. वर सांगितलेल्या मात्रेचे रोजचे सहा डोस धरले तर ८४ गोळ्या, आणि जादा डोसांच्या वेगळ्या. सिलिंडर भरलेला, कॅथेटरचा एक सेट जास्तीचा. घर पाण्याच्या रेषेत असेल तर ४३ची वाट न बघता पेशंटला शहरातल्या नातेवाइकाकडं आधीच हलवा. बोटीतून अंथरुणावरचा पेशंट नेणं फार हालाचं होतं.

कागद

व्हेंटिलेटर नको, शेवटी आयसीयू नको, असं पेशंटनं शुद्धीत असताना सांगितलं असेल तर ते कागदावर आणा. सर्वोच्च न्यायालयानं २०१८च्या निकालात अशा आगाऊ इच्छापत्राला मान्यता दिली आणि २०२३मध्ये पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करता येतं. उपचार थांबवायचे झाले तर त्यासाठी डॉक्टरांच्या दोन मंडळांची तपासणी असते. पेशंटपासून आजारच लपवलेला असेल तर हा कागद होणार कसा? चांगल्या टीममधला समुपदेशक किंवा डॉक्टर आधी पेशंटलाच विचारतो, "तुम्हाला आजाराबद्दल काय ठाऊक आहे, अजून किती जाणून घ्यायचंय?" बहुतेक वेळा पेशंटला कळलेलंच असतं. त्यालाही घरच्यांना दुखवायचं नसतं.

मृत्यू घरी झाला तर दाखला कोण देणार, हे फॅमिली डॉक्टरांकडून आजच पक्कं करा. घरच्या मृत्यूसाठी मृत्यूच्या कारणाचा वैद्यकीय दाखला नमुना ४-अमध्ये असतो. गेल्या काही दिवसांत पेशंटला तपासलेलेच डॉक्टर तो बिनदिक्कत देतात. कुणीच तपासलं नसेल तर मध्यरात्री डॉक्टर शोधत फिरावं लागतं. पंचगंगा स्मशानभूमीत महापालिकेकडून अंत्यसंस्कार मोफत होतात, तिथं हा दाखला लागतो. जन्म-मृत्यू नोंदणी २१ दिवसांच्या आत करायची.

त्या क्षणी घाबरून १०८ला फोन केला, तर ती गाडी पेशंटला हॉस्पिटलातच नेणार आणि तिथं छाती दाबणं सुरू होऊ शकतं. म्हणून फ्रिजवर मोठ्या अक्षरात नर्सचा आणि डॉक्टरांचा नंबर चिकटवा, त्याच्या शेजारी ते एका पानाचं पत्र. उरलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या मोजून, दिलेल्या संस्थेला परत करायच्या आणि वहीवर त्यांची सही घ्यायची. कचऱ्यात किंवा शेजाऱ्याच्या गुडघेदुखीला नाही.